भारी काळी जमीन: आधी वापसा, मग औत

मृगाचा पाऊस दोन दिवस दणकून पडतो, तिसऱ्या दिवशी ऊन पडते आणि गावातल्या हलक्या रानांत तिफणी चालू लागतात. भारी काळ्या रानाच्या मालकाची घालमेल इथून सुरू होते. शेजाऱ्याची पेरणी उरकत आलेली असते, बियाण्याच्या पिशव्या घरात येऊन पडलेल्या असतात, ट्रॅक्टरवाला ‘आज नाही तर आठ दिवस नाही’ असे सांगून गेलेला असतो. बांधावरून पाहिले तर रान वर वर सुकलेले दिसते. चार बोटे उकरा, खाली नुसता चिखल. अशा वेळी घाईने औत घातले की त्याची किंमत त्याच हंगामात फिटत नाही, पुढच्या हंगामातही मोजावी लागते.

म्हणून मशागतीची चर्चा अवजारापासून सुरू करू नये असे मला ठामपणे वाटते. नांगर पलटी असावा की साधा, ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा, कोणते खत, हे सगळे नंतरचे प्रश्न. भारी जमिनीत पहिला प्रश्न एकच: आज ओल किती आहे आणि ती किती खोलीपर्यंत आहे?

ही जमीन अशी हट्टी का, ते थोडक्यात समजून घेऊ. दख्खनच्या पठारावरचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, हजारो वर्षे झिजून ही माती तयार झाली. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के असते, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. ही चिकणमाती मुख्यतः स्मेक्टाइट गटातली. या खनिजाच्या कणात पातळ थर एकावर एक रचलेले असतात आणि पाणी थेट त्या थरांच्या मधे शिरते. त्यामुळे माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. एप्रिल-मेमध्ये कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात त्या याच कारणाने. पहिल्या जोरदार पावसाचे पाणी या भेगांतून भराभर खाली उतरते. एकदा माती फुगून भेगा मिटल्या की मात्र पाणी मुरण्याचा वेग तासाला जेमतेम काही मिलिमीटरवर येतो. मग बाकीचे पाणी साचते, नाहीतर माती घेऊन ओढ्याला जाते.

याच गुणाची दुसरी बाजू फार मोलाची आहे. मीटरभर खोल काळी माती पिकाला घेता येईल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते. मंगळवेढ्याच्या शिवारात रब्बी ज्वारी पेरणीनंतर एकही पाऊस न होता दाण्यावर येते ती याच साठ्यावर. तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यात वाणाचा वाटा आहे, तेवढाच त्या खोल जमिनीचाही आहे.

तेव्हा भारी रानात वर्षभराची कामे दोनच: खरिपात जादा पाणी बाहेर काढायचे आणि रब्बीसाठी पाणी आत जिरवायचे. या दोन्ही कामांना मुहूर्त वापशाचा, म्हणजे माती न चिकटता औत चालेल इतक्या ओलीचा.

वापसा ओळखायचा कसा

जाणता माणूस रानातून चार पावले चालून सांगतो. पण ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाच्या पायाला माती लागत नाही, म्हणून हाताने पाहण्याची सवय ठेवावी. माती वरची घेऊ नका. औत जितके खोल जाणार आहे त्या खोलीवरची घ्या. कुळवायचे असेल तर चार बोटांवरची, नांगरायचे असेल तर वीतभर खालची. मूठ आवळून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. गोळा फुटून मोकळा झाला तर वापसा आहे. कणकेच्या गोळ्यासारखा चपटा होऊन बसला तर थांबा. शंका राहिली तर तीच माती दोन तळव्यांत वळून बारीक वळकटी करा. सुतळीएवढी, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर जाडीची होईपर्यंत ती तुटली नाही, तर माती अजून लवचिक आहे. त्या ओलीत औत घातले तर माती कापली जात नाही, दाबली आणि चोपली जाते. नांगराच्या तासाची बाजू चकचकीत दिसली, चाकाच्या नक्षीचा ठसा जमिनीवर जसाच्या तसा उठला, तरी समजावे की आपण लवकर आलो.

रानात एकाच जागी पाहून भागत नाही. उताराच्या वरच्या अंगाला वापसा आलेला असतो तेव्हा तळाकडचा तुकडा अजून दोन-तीन दिवस मागे असतो. अख्खे रान एका दमात उरकायचा हट्ट सोडला तर निम्मे नुकसान तिथेच टळते. भारी जमिनीत वापशाची मुदत छोटी असते हेही खरे. चार दिवस कडक ऊन लागले की तीच माती ढेकळाने उठते आणि फाळ टेकत नाही. त्यामुळे अवजारे, डिझेल, बियाणे, बीजप्रक्रिया यांची तयारी आधी झालेली हवी. भाड्याच्या ट्रॅक्टरवर अवलंबून असलेल्यांनी ‘पहिल्या वापशाला’ असे आधीच ठरवून ठेवावे, तारखेवर ठरवू नये.

एक खड्डा काढा

मशागतीवर पैसे घालण्याआधी, पीक निघाल्यावर रानात थोडी ओल असताना, दीड-दोन फूट खोल खड्डा काढावा. एक चांगल्या पिकाच्या जागी, एक जिथे पीक दरवर्षी पिवळे पडते तिथे. खड्ड्याची बाजू फावड्याने सपाट करू नका. चाकूच्या टोकाने माती हळूहळू उचकटत खाली जा. वरचे चार-सहा इंच मोकळे, दाणेदार असतील. त्याखाली आडवे, घट्ट थर उलगडू लागले आणि मुळे खाली जायचे सोडून काटकोनात वळून आडवी पसरलेली दिसली, तर तो दाबला गेलेला थर आहे. रोटाव्हेटर वर्षानुवर्षे एकाच खोलीवर फिरवलेल्या रानात तो वरच्या चार-पाच इंचांखाली सापडतो, नांगराने केलेला त्याहून खाली. मातीला निळसर-राखाडी झाक आणि कुजका वास असेल तर तिथे पाणी तुंबून राहते, हवा जात नाही. पांढरे चुनखडीचे खडे किती खोलीवर लागतात तेही पाहून ठेवा. पुढे खताच्या वेळी उपयोगी पडते. खोल गेल्यावर काही ढेकळांच्या बाजू गुळगुळीत, तिरक्या घासलेल्या दिसतील. त्याची काळजी नको. फुगण्या-आकसण्यात मातीचे थर एकमेकांवर सरकतात, त्याची ती खूण आहे आणि अस्सल काळ्या जमिनीत ती असतेच.

खड्ड्यात कठीण थर दिसला नाही तर खोल नांगरटीवर दरवर्षी खर्च करण्याची गरज नाही. तीन वर्षांतून एकदा पुरते, मधल्या वर्षांत वखराच्या किंवा कुळवाच्या पाळ्यांवर काम भागते. याचे कारण त्या भेगाच आहेत. दर उन्हाळ्यात भेगाळून ही जमीन स्वतःला काही प्रमाणात मोकळी करून घेते. हलक्या जमिनीला ही सोय नाही.

नांगरायचे ठरले तर रब्बीचे पीक निघाल्या निघाल्या, थोडी ओल आहे तोवर नांगरा, आणि उताराला आडवे. मे महिन्यापर्यंत थांबलात तर फरशीएवढी ढेकळे निघतात, डिझेल दुप्पट जळते. निघालेली ढेकळे तशीच उन्हात पडू द्या. त्यांना फोडायला रोटाव्हेटर घालण्याचा मोह आजकाल फार वाढला आहे आणि मला तो घातक वाटतो. वळवाच्या एक-दोन सरींनी भिजून आणि पुन्हा वाळून ती आपोआप खिळखिळी होतात. मग कुळवाची एक पाळी दिली की दाणेदार रान तयार. रोटाव्हेटरने केलेला भुगा दिसायला छान दिसतो, पण पहिल्याच जोरदार पावसात तो चोपून बसतो, वर पापडी धरते आणि सोयाबीनचा कोंब खालीच गुदमरतो. उन्हाळी नांगरटीचा आणखी एक फायदा कुंदा आणि हरळी असलेल्यांना ठाऊक आहे. काश्या वर येऊन कडक उन्हात वाळतात. त्या वेचून रानाबाहेर काढा. तिथेच तुकडे करून पसरल्या तर तण वाढेल.

ओल्या रानात जड वाहने घालणे हा आपल्याकडचा मोठा, आणि फारसा न बोलला जाणारा, प्रश्न आहे. ऊसतोडीच्या वेळी भरलेली ट्रॉली सरळ फडात येते. चाकाखालचा दाब नांगराच्या तळाच्याही खाली पोहोचतो आणि तिथला घट्टपणा काढणे सोपे नसते. तोडणीआधी पाणी वेळेवर तोडणे, ट्रॉली एकाच ठरलेल्या वाटेने आत-बाहेर करणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

खरीप: पाणी बाहेर काढा

खरिपात पीक पाण्याने मरते ते बहुधा मुळांना हवा न मिळाल्याने. त्यावर सर्वांत खात्रीचा उपाय रुंद वरंबा-सरीचा. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनीसाठी ही पद्धत बसवली. वरंबा आणि सरी मिळून दीड मीटर रुंदी. त्यात सुमारे मीटरभर सपाट वरंबा आणि अर्धा मीटर सरी. सरीला अगदी हलका, अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतार. जादा पाणी सरीतून हळूहळू बाहेर जाते, पाऊस कमी झाला तर तीच सरी पाणी धरते. तिथे १९७६ पासून चाललेल्या दीर्घ प्रयोगात ही रचना, सुधारित वाण, खत आणि दुपिकी पद्धत एकत्र वापरलेल्या तुकड्यातून हेक्टरी सरासरी सुमारे पाच टन धान्य निघत आले. पावसाळ्यात रान पडीक ठेवून फक्त रब्बी पेरण्याच्या जुन्या पद्धतीत ते सुमारे एक टनच राहिले. हा फरक एकट्या वरंब्याचा नाही, पण पावसाळ्यात काळ्या रानात पीक उभे राहू शकते हे त्यातून सिद्ध झाले.

आता रुंद वरंबा-सरीचे (बीबीएफ) पेरणीयंत्र बऱ्याच गावांत भाड्याने मिळते. वरंब्यावर सोयाबीनच्या तीन किंवा चार ओळी बसतात. सोयाबीन-तुरीच्या आंतरपिकालाही ही रचना मानवते. तुरीला साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. एक गोष्ट मात्र पेरणीच्या दिवशीच पाहावी: सरीचे शेवटचे टोक कुठे उघडते? टोकाला बांध आडवा असेल आणि पाण्याला वाट नसेल तर सरी भरून वरंबा भिजत राहतो आणि सगळी मेहनत वाया जाते. यंत्र नसेल तर सपाट पेरलेल्या सोयाबीनमध्ये दर चार ओळींनंतर डवऱ्याला दोरी गुंडाळून सरी काढता येते. तेही बरेच काम करते.

पेरणीच्या वेळेबद्दल दोन मते आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. खानदेश-विदर्भात कपाशीची धूळपेरणी पूर्वापार चालत आली. पाऊस लागला की रानात पायच ठेवता येत नाही, म्हणून कोरड्यात बी टाकून मोकळे व्हायचे. जिथे पावसाची सुरुवात भरवशाची आहे तिथे हे शहाणपणाचे, फक्त बी दोन इंचांपेक्षा वर नको, नाहीतर एखाद्या हलक्या सरीने उगवून करपते. सोयाबीनला हे लागू नाही. ते इतक्या खोल टाकता येत नाही, दीड इंचाच्या पुढे गेले की उगवण घटते. त्यासाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल एकजीव झाल्यावरच, वापशावर पेरा.

रब्बी: भेगा बुजवा

ज्यांचे रान खोल आहे, पाऊस बेताचा आहे आणि मुख्य पीक रब्बी ज्वारी किंवा हरभरा आहे, त्यांचे गणित उलटे. सोलापूर, नगरचा दक्षिण भाग, मराठवाड्याचा काही भाग यात येतो. इथे पावसाळाभर पडणारे पाणी जागच्या जागी जिरवायचे. त्यासाठी जुलैपर्यंत रानात सारा यंत्राने किंवा बळीराम नांगराने साधारण दहा बाय दहा मीटरचे सपाट वाफे पाडून ठेवावेत. प्रत्येक वाफा आपल्यापुरते पाणी धरतो. पेरणीच्या आधी वाफे मोडून वखरणी करायची. ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान, ओल खाली सरकायच्या आत. खोल जमिनीला फुले वसुधा किंवा फुले यशोदा. मध्यम रानाचे वाण इथे आणि इथले तिथे नेऊ नयेत.

पेरणीनंतर खरी कसोटी कोळपणीची. बरेच जण तण दिसले तरच कोळपे काढतात. कोरडवाहू काळ्या रानात तण नसले तरी कोळपायचे, कारण काम भेगांचे आहे. भेग पडली की तिच्या दोन्ही भिंतींतून ओल उडू लागते आणि ताणाने बारीक मुळेही तुटतात. म्हणून पीक तीन आठवड्यांचे झाले की फटीच्या कोळप्याने पहिली पाळी, म्हणजे रोपे फटीतून सुटतात आणि दोन्ही बाजूंची माती हलते. पाच आठवड्यांनी अखंड पासेच्या कोळप्याने दुसरी. आठ आठवड्यांनी, भेगा उघडू लागल्या की, दातेरी कोळप्याने तिसरी. दाते माती ओढत नेतात आणि भेगेच्या तोंडात सोडतात. पाळी दिल्यावर खाली वाकून पाहा: भेगेच्या तोंडावर मोकळी भुसभुशीत माती बसली असेल तर काम झाले. तोंड उघडेच दिसले तर त्याच ओळीत पुन्हा एक फेरी मारा. मजूर मिळत नाहीत, बैल राहिले नाहीत, हे मला मान्य आहे. तरी ट्रॅक्टरचलित कोळपे किंवा सायकल कोळप्याने हे काम व्हायलाच हवे. त्याच वेळी ओळींमध्ये गव्हाच्या किंवा सोयाबीनच्या भुसकटाचे आच्छादन टाकता आले तर उत्तम.

एखादे संरक्षित पाणी देण्याची सोय असेल तर भेगा रुंदावण्याआधी द्या. रुंद भेगांच्या रानात पाणी सोडले की ते सरळ खाली पळते, वाफा भरता भरत नाही आणि विहीर आटते. बागायतीत ठिबक असेल तर भारी जमिनीत पाणी आडवे पसरते हे लक्षात ठेवून ड्रीपरमधले अंतर थोडे जास्त, ताशी प्रवाह कमी आणि दोन पाण्यांतले अंतर जास्त ठेवावे. रोज थोडे थोडे पाणी देण्याची हलक्या रानातली सवय इथे मुळे कुजवते.

खताबद्दल थोडेच सांगतो. या जमिनीत पालाश बहुधा बऱ्यापैकी असते, सेंद्रिय कर्ब कमी असतो आणि सामू आठच्या आसपास किंवा वर. चुनखडीमुळे स्फुरद अडकतो, म्हणून तो पेरून, ओळीत द्या. युरिया वर फेकला तर त्यातला नत्र उडून जातो, मातीआड करा. चुनखडीच्या रानात पावसाळ्यात सोयाबीनची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की ती लोहाची कमतरता. अर्धा टक्का फेरस सल्फेटची फवारणी करता येते, पण आधी साचलेले पाणी काढा. अनेकदा वापसा येताच निम्मे रान आपोआप हिरवे होते. शेणखत, गाडलेला ताग किंवा धैंचा, कुट्टी केलेली पऱ्हाटी, न जाळलेले पाचट, यांतले जे आपल्याकडे आहे ते दरवर्षी रानात गेले पाहिजे. सेंद्रिय पदार्थांनी चिकण कणांचे दाणे बांधले जातात आणि वापसा एक-दोन दिवस आधी येतो.

चोपण होऊ लागलेली जमीन

कृष्णाकाठी शिरोळ, वाळवा, मिरज या तालुक्यांत अतिपाण्याने, आणि अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात जमिनीच्या व पाण्याच्या मूळ गुणामुळे, काळी रानेच्या राने बिघडली आहेत. वर पांढरे फूल आले तर ती क्षारांची खूण. पाणी दिवसेंदिवस गढूळ उभे राहते आणि वाळल्यावर जमीन दगड होते, तेव्हा ती चोपण होते आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून माती परीक्षणाशिवाय पैसे घालू नका. अहवालात सामू साडेआठच्या वर आणि विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर जमीन चोपण. सोडियम मातीचे दाणे मोडतो, सुटे कण छिद्रांत बसतात आणि निचरा बंद पडतो. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवते. पण हटलेला सोडियम पाण्याबरोबर रानाबाहेर गेला नाही तर तो तिथेच राहतो. निचऱ्याची सोय न करता टाकलेले जिप्सम म्हणजे पाण्यात गेलेले पैसे. मात्रा प्रयोगशाळेने दिलेल्या गरजेप्रमाणे, वरच्या वीतभर थरात मिसळून, आणि नंतर गोड पाण्याने भिजवून. चुनखडी भरपूर असेल तर गंधकही चालते; ते जिवाणूंमार्फत काम करते म्हणून परिणामाला वेळ लागतो. हिरवळीच्या खतात धैंचा इथे सगळ्यांत चिवट.

निचऱ्यात आधी स्वस्त उपाय करा: रानाच्या वरच्या अंगाने येणारे पाणी अडवणारा आडवा चर, आणि सखल कोपऱ्यातून बाहेर नेणारा उघडा चर. तेवढ्याने भागले नाही तर छिद्रांचे पीव्हीसी पाईप गाळणीसह मीटर-सव्वा मीटर खोल गाडण्याची भूमिगत निचरा योजना आहे. तिचा खर्च मोठा आहे, त्यामुळे पाईपांतले अंतर जाणकाराकडून जमिनीची तपासणी करूनच ठरवावे. तिसरा मार्ग मोल निचऱ्याचा: ट्रॅक्टरमागच्या पात्याला लावलेला लोखंडी गोळा अर्धा मीटर खोलीवरून ओढत नेतात आणि चिकणमातीत पोकळ नळी तयार होते. तो स्वस्त आहे, पण खाली चिकट ओल आणि वर कोरडी जमीन असेल तेव्हाच नळी नीट उठते आणि काही वर्षांनी पुन्हा करावी लागते. फार चोपण झालेल्या मातीत ती टिकत नाही.

यातला कोणताही निचरा एकट्या शेतकऱ्याच्या बांधावर संपत नाही. पाणी शेवटी ज्या नाल्याला मिळणार तो गाळाने भरलेला असेल किंवा कोणी बुजवून पेरलेला असेल, तर वरच्या सगळ्यांचे चर उलटे भरतात. म्हणून खर्चाचा अंदाज काढण्याआधी त्या नाल्याच्या तोंडापर्यंत चालत जाऊन यावे, वाटेतल्या प्रत्येक शेतकऱ्याशी बोलून घ्यावे, आणि मे संपण्याआधी सगळ्यांनी मिळून आधी नाला मोकळा करून घ्यावा. चर आणि पाईप त्यानंतर.